उंदराच्या लाळेवर पीएचडीचा एक चॅप्टर: फॉर्म बी पासून शेवटच्या टेस्टट्यूबपर्यंत

गेल्या महिन्यात आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या मीटिंगमध्ये माझा तिसरा चॅप्टर एकदाचा पास झाला. विषय असा की लाळग्रंथीतल्या नर्व्हजमधून जी पेप्टाइड्स (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) सुटतात ती लाळेतल्या प्रोटीनच्या स्रावावर काय परिणाम करतात. सुरुवात केली तेव्हा हे सगळं आपल्याकडच्या साध्या लॅबमध्ये प्रत्यक्ष कसं जमवायचं, कुठला कागद आधी, कुठला नंतर, पैसे कुठून आणायचे, हे सांगणारं कुणीच भेटलं नव्हतं. पेपरमध्ये "नैतिक समितीची परवानगी घेतली" एवढ्या एका वाक्यात जे उरकतं त्यात माझा अख्खा हिवाळा गेला. म्हणून लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी विषय सांगते, कारण घरी अजूनही "आमची धाकटी थुंकीवर पीएचडी करतेय" असंच सांगतात पाहुण्यांना. बीएस्सीला आपण काय शिकतो, की पॅरासिम्पथेटिक नर्व्हमधून अॅसिटिलकोलीन सुटतं आणि भरपूर पातळ लाळ येते, सिम्पथेटिकमधून नॉरअॅड्रेनलीन सुटतं आणि थोडीशी पण प्रोटीनने दाट लाळ येते. संपलं, दोन मार्कांचा प्रश्न. पण गोष्ट तिथे संपत नाही हे १८७२ पासून माहिती आहे. हायडेनहाइन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने कुत्र्याला अॅट्रोपिन देऊन नर्व्ह उत्तेजित केली तर लाळ थांबली पण ग्रंथीतला रक्तप्रवाह वाढायचा काही थांबला नाही. म्हणजे अॅसिटिलकोलीनचा मार्ग बंद असताना नर्व्ह अजून काहीतरी सोडत होती. ते काय हे कळायला शंभर वर्षं लागली. १९७० मध्ये सैद आणि मुट यांनी डुकराच्या आतड्यातून व्हीआयपी नावाचं २८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड वेगळं केलं, आणि पुढच्या दहाएक वर्षांत स्वीडनमध्ये लुंडबर्ग, हॉकफेल्ट वगैरे मंडळींनी मांजराच्या लाळग्रंथीत दाखवलं की हे व्हीआयपी अॅसिटिलकोलीनच्याच नर्व्हमध्ये शेजारी शेजारी असतं.

दुसरं पेप्टाइड म्हणजे सबस्टन्स पी. हे १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना सापडलं होतं, पण त्याची रचना कुणाला माहीत नव्हती. १९६० च्या दशकात सुझन लीमन गाईबैलांच्या हायपोथॅलॅमसमध्ये वेगळंच एक हार्मोन शोधत होत्या आणि त्यांच्या अर्काने उंदरांना चक्क लाळ सुटायला लागली. त्यांनी ते सोडून दिलं नाही, लाळ हीच मोजपट्टी धरून तो पदार्थ शुद्ध करत नेला, आणि तो निघाला सबस्टन्स पी, ११ अमिनो आम्लांचा. मला ही गोष्ट भयंकर आवडते. आमच्या लॅबमध्ये कुणी म्हणालं ना "लाळेत काय आहे एवढं", तर मी हीच ऐकवते.

पुढे स्वीडनमधल्याच लुंडला एकस्ट्रॉमच्या गटाने उंदरावर हे फार पद्धतशीर केलं. अॅट्रोपिन द्यायचं, अॅड्रेनलीनवाले दोन्ही रिसेप्टर (पेशीवर निरोप पकडणारी प्रोटीन्स, अल्फा आणि बीटा) बंद करायचे आणि मग पॅरोटिडची, म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथीची, पॅरासिम्पथेटिक नर्व्ह उत्तेजित करायची. तरी लाळ येते, थोडी येते, पण प्रोटीन भरपूर. माझ्या चॅप्टरचा पाया हाच. फरक एवढाच की त्यांनी जिवंत, भूल दिलेल्या प्राण्यात केलं आणि मला ते डिशमध्ये, ग्रंथीचे बारीक तुकडे घेऊन बघायचं होतं, कारण एक तर आमच्याकडे त्या शस्त्रक्रियेचा सेटअप नाही आणि दुसरं म्हणजे तसं केलं तर प्राणी कमी लागतात. हे दुसरं कारण पुढे फार कामी आलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरायला घेतला. नवीन लोकांसाठी सांगते, प्राण्यांवर कुठलाही प्रयोग करायचा तर संस्थेच्या आयएईसीची म्हणजे प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि ती समिती चालते सीसीएसईए ह्या केंद्राच्या समितीच्या नियमांवर. आधी ह्यालाच सीपीसीएसईए म्हणायचे, जुन्या फॉर्मवर अजून तेच नाव दिसेल, गोंधळू नका. प्राण्यांवरची क्रूरता रोखण्याचा मूळ कायदा १९६० चा. रॅट, माऊससारख्या लहान प्राण्यांना संस्थेच्या समितीचीच मंजुरी पुरते, मोठे प्राणी असतील तर फाइल वर जाते. समितीत आपल्याच संस्थेचे शास्त्रज्ञ, एक पशुवैद्य, एक बाहेरचा शास्त्रज्ञ, एक विज्ञानाशी संबंध नसलेली सामाजिक जाण असलेली व्यक्ती आणि केंद्राचा नॉमिनी असतो. नॉमिनीच्या तारखा मिळेपर्यंत मीटिंग लागत नाही. आमच्याकडे मीटिंग काही महिन्यांतून एकदा, त्यामुळे पहिली टिप ही, की विषय ठरायच्या आधी पुढच्या मीटिंगची तारीख विचारून ठेवा आणि त्यावरून उलट हिशोब करा.

फॉर्ममध्ये सगळ्यात छळतो तो प्राण्यांच्या संख्येचा रकाना. "गटाला ६" असं लिहून चालत नाही, ६ च का हे सांगावं लागतं. इथे डिशमधल्या पद्धतीचा फायदा झाला. एका उंदराच्या दोन्ही पॅरोटिडमधून इतके तुकडे मिळतात की कंट्रोल, व्हीआयपी, सबस्टन्स पी, ब्लॉकर, सगळ्या ट्यूब एकाच प्राण्यातून भरता येतात, म्हणजे प्रत्येक उंदीर स्वतःचाच कंट्रोल. वेगवेगळे गट करायची गरजच नाही. स्टॅटिस्टिक्सवाल्या मॅडमकडे आधीच जाऊन पेअर्ड डिझाइनचं गणित लिहून घेतलं होतं, ते जसंच्या तसं जोडलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मीटिंग झाली. मी घाबरून अर्धी रात्र जागी होते, आणि प्रत्यक्षात सगळ्यात चांगला प्रश्न विचारला तो त्या विज्ञानाबाहेरच्या बाईंनी. त्या म्हणाल्या, "अगं, लाळच हवी ना, मग माणसाचीच घे की, उंदीर कशाला?" खरंच योग्य प्रश्न आहे. उत्तर असं की माणसाची लाळ गोळा करता येते पण तिथे तीन तीन रिसेप्टर बंद करून उरलेलं काय ते बघता येत नाही, आणि सबस्टन्स पी जसं उंदरात जोरात काम करतं तसं ते माणसाच्या लाळग्रंथीत करत नाही, व्हीआयपी मात्र दोन्हीकडे असतं. म्हणजे उंदरावरून माणसाबद्दल बोलताना हात आखडता घ्यावा लागणार. हे मी चर्चेच्या भागात सविस्तर लिहिलं, ते त्या प्रश्नामुळेच. नॉमिनींनी विचारलं की सेल लाइन, म्हणजे डिशमध्ये वाढवलेल्या पेशी, का नाही वापरत. सेल लाइनमध्ये नर्व्हची टोकं नसतात, आणि माझा सगळा खेळ त्या टोकांचा. पटलं त्यांना.

पशुवैद्य सरांनी भूल कुठली हा मुद्दा काढला. केटामाइनने लाळ वाढते, आणि ती वाढू नये म्हणून जोडीला जे अॅट्रोपिन देतात तेच माझ्या प्रयोगाला चालणार नाही. त्यामुळे आयसोफ्लुरेनवर शिक्कामोर्तब झालं. हे तुम्ही आधीच विचार करून जा, लाळग्रंथीच्या कामात भुलीचं औषध हा साइड विषय नाहीये. काही दुरुस्त्या सांगितल्या, त्या मार्चमध्ये दिल्या, मंजुरीचं पत्र एप्रिलमध्ये हातात आलं. त्या पत्रावरचा नंबर प्रत्येक रजिस्टरमध्ये, प्रत्येक बिलावर, थीसिसमध्ये आणि पेपरमध्ये लागतो, फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

आता पैसे. जेआरएफची महिन्याची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली हे छानच, पण वर्षाची कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, तीच २०,०००, आणि अर्धा मिलिग्रॅम व्हीआयपीचं पहिलं कोटेशन आलं तेच तीस हजारांच्या पुढे, वर १८ टक्के जीएसटी. जुलै २०२२ पर्यंत संशोधन संस्थांना सवलतीचा ५ टक्के दर होता, तो गेला, त्यामुळे सीनियरने सांगितलेल्या किमतीवर भरवसा ठेवून बजेट करू नका. शेवटी गाइड मॅडमनी त्यांच्या प्रोजेक्टमधून पेप्टाइडची सोय केली आणि केमिकल्स, टिप्स, ट्यूब माझ्या कंटिन्जन्सीतून. केंद्राच्या पैशाचं प्रोजेक्ट म्हणजे खरेदीचे नियमही तेच. तेव्हा रक्कम २५,००० च्या वर गेली की खरेदी समिती, तीन कोटेशन, जेम ह्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू मिळत नाही ह्याचा रिपोर्ट, कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, सह्या, असं सगळं लागायचं. अकाउंट्समधल्या ताईंशी आधीच नीट बोलून घ्या, त्यांना कुठला कागद कुठल्या क्रमाने लावलेला आवडतो ते एकदा कळलं की निम्मं काम होतं.

एक हिशोब मात्र नक्की करा, आम्ही तो केला म्हणून पैसे वाचले. व्हीआयपीचं रेणुवजन साधारण ३३२६. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे साधारण १५० नॅनोमोल. एका ट्यूबमध्ये १ मिली द्रावण आणि १०० नॅनोमोलर ताकद धरली तर एका ट्यूबला ०.१ नॅनोमोल लागतं, म्हणजे एवढ्याशा पुडीत १,५०० ट्यूब होतात! विक्रेता मोठा पॅक गळ्यात मारायला बघतो, घेऊ नका. फक्त हे लक्षात असू द्या की बाटलीत जे वजन लिहिलेलं असतं त्यात मीठ आणि पाणीही धरलेलं असतं, निव्वळ पेप्टाइड किती ते सर्टिफिकेटमध्ये वेगळं दिलेलं असतं, ते मागून घ्या. आणि उंदराचं, माणसाचं, डुकराचं व्हीआयपी एकच असतं, क्रम सेम, त्यामुळे जे स्वस्त मिळेल ते घ्या.

मे महिन्यात ऑर्डर गेली आणि वाट बघण्याचा काळ सुरू झाला. ह्या काळात बरेच जण नुसते बसून राहतात. माझं स्पष्ट मत आहे की पेप्टाइड येईपर्यंत आयसोप्रीनलीनवर सगळी पद्धत बसवून घ्यावी. ते स्वस्त असतं, अॅड्रेनलीनच्या बीटा रिसेप्टरवर बसतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं आणि पॅरोटिडच्या पेशी कणांमध्ये भरून ठेवलेलं अमायलेज (स्टार्च तोडणारं लाळेतलं एन्झाइम) धडाधड बाहेर टाकतात. आयसोप्रीनलीनने अमायलेज सुटत नसेल तर व्हीआयपीने काय डोंबल सुटणार. द्रावण गुलाबी पडलं की फेकून द्या, ऑक्सिडाइझ झालेलं असतं, थोडं अॅस्कॉर्बिक अॅसिड घातलं की टिकतं.

पण त्याआधी ग्रंथी सापडायला हवी. उंदराची सबमॅन्डिब्युलर, म्हणजे जबड्याखालची लाळग्रंथी, गळ्यात समोरच टपोरी दिसते, पॅरोटिड मात्र कानाखालून मानेपर्यंत पसरलेली, चरबीत मिसळलेली, आणि तिथेच जवळ अश्रुग्रंथी आणि लिम्फ नोड. पहिल्यांदा मॅडम शेजारी उभ्या राहून दाखवत होत्या. शंका आली की सरळ तुकड्यातलं अमायलेज मोजायचं, पॅरोटिडमध्ये ते इतकं प्रचंड असतं की चुकायला वावच राहत नाही.

अॅनिमल हाउसच्या मामांकडून मी जे शिकले ते कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नाही. त्यांनी सांगितलं, "ताई, प्रयोगाच्या आधी आठवडाभर रोज येऊन ह्यांना हातात घ्या, तुमच्या हाताची सवय होऊ द्या." ते दयेपोटी सांगत होते, पण त्याला शास्त्रही आहे. घाबरलेल्या उंदराची सिम्पथेटिक यंत्रणा पेटते आणि ग्रंथीतले कण आधीच रिकामे होऊन बसतात. तसंच आदल्या रात्री खाणं काढायचं, पाणी ठेवायचं. उंदीर रात्री खातात, खाल्लं की लाळ सुटते, अमायलेज संपतं. उपाशी असेल तर सकाळी कण भरलेले मिळतात. रोज हातात घेतलेला प्राणी मग स्वतःच्या हाताने भुलीच्या डब्यात ठेवणं अजिबात सोपं नाही, सवय होते म्हणतात, मला झाली नाही, त्या दिवशी मी जेवणाचा डबा आणायचेच नाही.

पद्धत थोडक्यात सांगते. ग्रंथी गार क्रेब्ज द्रावणात (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) घ्यायची, मायक्रोस्कोपखाली चिमट्यांनी चरबी आणि वरचा पापुद्रा काढून बारीक लोब्यूल्स, म्हणजे ग्रंथीचे छोटे तुकडे, करायचे, ३७ अंशाला ठेवायचे, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सतत द्यायचं. बहुतेक जण कोलॅजिनेज, म्हणजे पेशींना धरून ठेवणारं जाळं तोडणारं एन्झाइम, घालून पेशींचे सुटे गुच्छ करतात. मी मुद्दाम नाही केलं. एक तर कोलॅजिनेजच्या पुडीत इतर प्रोटिएज म्हणजे प्रोटीन तोडणारी एन्झाइम्सही येतात आणि ती पेशीवरचे रिसेप्टर कुरतडतात, आणि पेशी सुट्या केल्या की नर्व्हची टोकं हातची जातात. लोब्यूल्समध्ये ती टोकं तशीच राहतात, पुढचा सगळा प्रयोग त्यांच्यावरच आहे. सिलिंडर गावातल्या गॅसवाल्याकडून घेतला, हे मिश्रण त्याच्याकडे तयार नसतं, ऑर्डर देऊन भरून घ्यावं लागतं आणि डिपॉझिट वेगळं, तेव्हा एक संपत आला की लगेच दुसरा सांगून ठेवायचा. क्रेब्जमध्ये कॅल्शियम सगळ्यात शेवटी, गॅस सोडून झाल्यावर घाला, नाहीतर पीएच चढलेला असतो आणि द्रावण दुधाळ होतं.

अमायलेज मोजायला डीएनएसची जुनी पद्धत वापरली, म्हणजे स्टार्च तुटून झालेल्या साखरेने रंग येतो तो मोजायचा, स्टार्च, उकळतं पाणी, नारिंगी रंग आणि ५४० नॅनोमीटर. स्वस्त आणि मस्त, वाढीव खर्च जवळजवळ शून्य. फक्त एक लक्षात ठेवा, तुमच्या स्वतःच्या तोंडात अमायलेज ठासून भरलेलं आहे. ट्यूबच्या स्टँडसमोर उभं राहून कुणी गप्पा मारल्या की ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना न घातलेल्या ट्यूबमध्येही, रंग येतो. म्हणून मास्क लावा, आणि बोलायचं असेल तर बाहेर जा. आमच्या लॅबमध्ये त्या टेबलावर "इथे बोलू नये" अशी पाटी लावली, त्यावरून व्हायची ती चेष्टा झालीच, पुणेरी पाटी म्हणून फोटो काढून गेले लोक.

आकडे नेहमी टक्क्यांत लिहा. बाहेर सुटलेलं अमायलेज भागिले एकूण, म्हणजे सुटलेलं अधिक तुकड्यात उरलेलं. तुकडे कमी जास्त आकाराचे असले तरी मग फरक पडत नाही. आणि सोबत एलडीएच मोजा, ते एरवी पेशीच्या आतच राहणारं एन्झाइम. ते वाढलेलं दिसलं तर पेशी फुटल्यात, अमायलेज सुटलेलं नाही तर गळलंय.

ऑगस्टच्या शेवटी पार्सल आलं. ड्राय आइसचा मागमूस नव्हता, डब्यात नुसती गार हवा. माझ्या पोटात गोळा. पण पावडर कोरडी गोठवून वाळवलेली होती आणि तशी पेप्टाइड थोडे दिवस साध्या तापमानाला तग धरतात. विरघळवल्यावर खरी काळजी. लगेच छोटे छोटे अॅलिकॉट म्हणजे वाटे केले, एकदा वितळवलेला परत गोठवायचा नाही. ट्यूब लो-बाइंडिंगच्या घ्या आणि द्रावणात थोडं अल्ब्युमिन घाला, कारण पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं आणि मग तुम्हाला वाटतं १०० नॅनोमोलर दिलं, पोचतं किती देवाला ठाऊक. क्रेब्जमध्ये अॅप्रोटिनिनही घातलं, पेप्टाइड तोडणाऱ्या एन्झाइम्सना आवरायला. आणि पुण्यात असाल तर गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते, डीप फ्रीझरला बॅकअप आहे की नाही हे पेप्टाइड यायच्या आधी तपासा.

ऑक्टोबरपासून खरं काम. नुसतं व्हीआयपी दिलं तर अमायलेज वाढलं, पण आयसोप्रीनलीनच्या मानाने अगदीच बेताचं. मला जरा निराश वाटलं, एवढ्या महागाचं पेप्टाइड आणि एवढीच उडी. मॅडम म्हणाल्या, "अगं, शरीरात ते एकटं कधी सुटतं का? सोबत अॅसिटिलकोलीन असतंच ना." मग कार्बाकोल, म्हणजे अॅसिटिलकोलीनसारखं काम करणारं औषध, इतकं कमी दिलं की एकट्याने त्याचा परिणाम जेमतेम दिसावा, आणि त्याच्यासोबत व्हीआयपी. दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त अमायलेज आलं. पुस्तकात हे माहितीच होतं, व्हीआयपी सायक्लिक एएमपी वाढवतं, कार्बाकोल कॅल्शियम वाढवतं आणि पेशीत दोन्ही वाटा एकमेकींना जोर देतात, पण नारिंगी रंग ट्यूबमध्ये डोळ्यांदेखत गडद होताना बघणं वेगळं. त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं, आईला काही कळलं नाही पण खूश झाली.

सबस्टन्स पीची तऱ्हा निराळी. ते कॅल्शियमच्या वाटेने जातं, पटकन अमायलेज सोडतं आणि मग पेशी त्याला दाद देईनाशा होतात. अर्ध्या तासाने मोजाल तर वाटेल काही विशेष नाही. पहिल्या पाच-दहा मिनिटांत नमुने घ्या, गंमत तिथेच आहे. दुसरा डोस देऊन फारसं काही होत नाही, त्यात पेप्टाइड वाया घालवू नका.

हे झालं बाहेरून दिलेल्या पेप्टाइडचं. प्रश्न होता नर्व्हमधून सुटणाऱ्या पेप्टाइडचा. नर्व्ह उत्तेजित करायला विजेचं उपकरण हवं, ते आमच्याकडे नव्हतं आणि त्याची किंमत विचारून आम्ही गप्प बसलो. पर्याय पोटॅशियम. क्रेब्जमधलं सोडियम क्लोराइड थोडं कमी करून तेवढंच पोटॅशियम क्लोराइड वाढवायचं, नर्व्हची टोकं डीपोलराइझ होतात, म्हणजे विजेचा झटका बसल्यासारखी उत्तेजित होतात, आणि जे काही साठवलंय ते सोडतात. लाळग्रंथीच्या पेशींना स्वतःला नर्व्हसारखे व्होल्टेजवर उघडणारे कॅल्शियम चॅनल नसतात, म्हणून परिणाम दिसला तर तो टोकांमधून आला असं म्हणता येतं. पोटॅशियम क्लोराइडची बाटली सगळ्या लॅबमध्ये असते, खर्च काही नाही.

पोटॅशियमने अमायलेज सुटलं. पण त्यात अॅसिटिलकोलीन आणि नॉरअॅड्रेनलीनचा गलका, आणि मांडवात बँड वाजत असताना सनई कुठे ऐकू येणार. म्हणून अॅट्रोपिन, प्रोप्रॅनोलॉल (बीटा रिसेप्टर बंद करणारं) आणि फेंटोलामाइन (अल्फा बंद करणारं), तिन्ही आधीच घालायचे. ब्लॉकर खरंच काम करतायत हे वेगळ्या ट्यूबमध्ये दाखवायला लागतं, अॅट्रोपिनसाठी कार्बाकोल आणि प्रोप्रॅनोलॉलसाठी आयसोप्रीनलीन देऊन, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात. तिन्ही घातल्यावर पोटॅशियमचा परिणाम बराच खाली आला, पण शून्य झाला नाही. तो जो उरला ना, तोच माझा चॅप्टर.

उरलेला भाग नर्व्हचाच आहे ह्याची खातरी कॅल्शियम नसलेल्या क्रेब्जने केली. बाहेर कॅल्शियम नसेल तर नर्व्हची टोकं काही सोडत नाहीत, पण आयसोप्रीनलीनला बाहेरच्या कॅल्शियमची तेवढी गरज नसते, ते त्याच द्रावणात काम करतं. तसंच झालं, पोटॅशियमचा परिणाम गायब, आयसोप्रीनलीनचा शाबूत, म्हणजे पेशी धडधाकट आहेत आणि बंद पडलं ते नर्व्हचं सोडणं. ह्या एका आलेखावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला, आरएसीतल्या कडक सरांनी त्यावर फक्त मान हलवली. तुमच्याकडे पैसे कमी असतील तर अजून एक महागडं पेप्टाइड घेण्यापेक्षा असले कंट्रोल नीट करा, हे माझं ठाम मत आहे.

मग व्हीआयपीचा अँटॅगोनिस्ट, म्हणजे त्याचा रिसेप्टर अडवणारा पदार्थ, आणि सबस्टन्स पीच्या रिसेप्टरचा, म्हणजे एनके-१ चा ब्लॉकर. हे दोन्ही मार्च २०२४ च्या आत बिल व्हायला हवं होतं नाहीतर प्रोजेक्टचे पैसे परत जाणार, त्यामुळे फेब्रुवारीत प्रयोगशाळेपेक्षा अकाउंट्सच्या खिडकीपाशी जास्त उभी होते. ते आले, घातले, उरलेला परिणाम व्हीआयपीच्या अँटॅगोनिस्टने कमी झाला, दोन्ही एकत्र घातल्यावर अजून कमी, तरी पूर्ण जात नाही. सीजीआरपी, न्यूरोकायनिन ए, पीएसीएपी अशी अजून पेप्टाइड मंडळी त्या नर्व्हमध्ये असतात, ती कदाचित असतील. माझ्या चॅप्टरमध्ये मी तिथेच थांबले. गाइडनी स्पष्ट सांगितलं, "सगळं एका थीसिसमध्ये कोंबू नकोस," आणि ते बरंच झालं.

लिहिताना आणि आरएसीसमोर एका गोष्टीवर खूप चर्चा झाली, की ह्याचा उपयोग काय. मी जे उत्तर दिलं ते इथेही देते. अॅट्रोपिनसारखी औषधं, मूत्राशयासाठीच्या काही गोळ्या, जुनी डिप्रेशनची औषधं, ह्यांनी तोंड कोरडं पडतं कारण ती अॅसिटिलकोलीनची वाट अडवतात. पेप्टाइडची वाट त्यांनी अडत नाही. पण म्हणून उद्या व्हीआयपीची गोळी निघेल असं नाही, ते रक्तात एक-दोन मिनिटांत तुटून जातं आणि रक्तवाहिन्या सैल करून ब्लडप्रेशर पाडतं. एवढं प्रामाणिकपणे लिहिलं की परीक्षक खूश असतात, उगाच "भविष्यात उपचारासाठी" वगैरे लांबड लावली की तेच धरून झोडपतात.

चॅप्टर पास झाल्यावरही कागद संपत नाहीत. वापरलेल्या प्राण्यांची नोंद फॉर्म डी मध्ये तारखेसकट पूर्ण असावी लागते, मंजूर संख्येपेक्षा कमी वापरले असतील तर तेही कळवायचं. आयएईसीला अहवाल द्यायचा, मंजुरीपत्राची प्रत थीसिसला जोडायची, प्रोजेक्टच्या खर्चाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट मॅडम करतात पण बिलांच्या झेरॉक्स तुम्हालाच शोधाव्या लागतात. जीएसटीचं बिल थर्मल कागदावर असेल तर मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा, सहा महिन्यांत कोरा कागद उरतो.

कुणाला फॉर्म बीचा संख्येचा रकाना किंवा पोटॅशियमच्या क्रेब्जचं प्रमाण हवं असेल तर विचारा, माझ्या फाइलमध्ये दोन्ही आहेत. फक्त मार्चमध्ये विचारू नका.